आजारी किंवा जखमी मुलाला नेमकं कुठे न्यायचं?

रात्रीचे साडेदहा वाजले असतील. वडिलांच्या खांद्यावर अडीच वर्षांचा मुलगा, डोळे उघडे, पण अंगात त्राण नाही. चार दिवसांत आमचं ग्रामीण रुग्णालय हे त्यांचं चौथं ठिकाण होतं. पहिल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, दुसऱ्यांनी वाफ दिली, तिसऱ्या ठिकाणी छातीचा एक्सरे काढला तर तो साफ आला. मी केसपेपरवर नाव लिहीत होते, तेवढ्यात मागे उभी असलेली आजी हळूच म्हणाली, "सोमवारी दाणे खाताना ठसका लागलेला हो त्याला. मग गप झाला, म्हणून मी बोलले नाही."

आमच्या डॉक्टरांनी पुन्हा छातीला स्टेथोस्कोप लावला. उजव्या बाजूला हवा कमी जात होती. शेंगदाणा श्वासनळीत अडकला होता. शेंगदाणा एक्सरेत दिसत नाही आणि वाफेने निघत नाही. तो काढायला दुर्बीण लागते, लहान मुलाला भूल देणारा माणूस लागतो आणि हे दोन्ही एका छताखाली असावे लागतात. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. ऑक्सिजन लावून त्याला मेडिकल कॉलेजला पाठवला. दाणा निघाला, मुलगा आज शाळेत जातो.

त्या वडिलांनी कुठेही हयगय केली नव्हती. रजा टाकून, पैसे उसने घेऊन ते धावत होते. त्यांच्या मुलाला जे हवं होतं, ते त्या तीन ठिकाणी नव्हतं, एवढीच गोष्ट. कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर मला आई-बापांना हेच सांगावंसं वाटतं: "कुठला दवाखाना चांगला" हा प्रश्न बाजूला ठेवा. "माझ्या मुलाला पुढच्या तासाभरात काय लागणार आहे आणि ते कुठे आहे" हा प्रश्न विचारा. कधी त्याचं उत्तर घराशेजारचं प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, कधी ऐंशी किलोमीटरवरचं मोठं रुग्णालय.

आधी सदरा वर करा आणि एक मिनिट बघा

गाडीची किल्ली शोधण्याआधी हे मिनिट द्या. मुलाला उजेडात आणा, छाती-पोट उघडं करा आणि श्वास मोजा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट, मूल रडत नसताना, दूध पीत नसताना. पोट एकदा वर आलं की एक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो जलद श्वास. त्याच वेळी बघा, श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालची बाजू आत ओढली जाते का. आमच्याकडच्या आज्या याला "पोट उडतंय" म्हणतात. आजी असं म्हणाली तर तिचं ऐका, तिने तुमच्यापेक्षा जास्त बाळं पाहिलेली असतात.

हे मोजणं शिकायला डॉक्टर असावं लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना हेच शिकवलं आणि घरोघरी नवजात बाळांचे जीव वाचवून दाखवले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येऊन बाळाला तपासते, त्या कामाची मुळं तिथे आहेत.

श्वासाबरोबर आणखी काही गोष्टी बघायच्या. मूल अंगावर पीत नाही किंवा पाणीसुद्धा घेत नाही. घेतलेलं सगळं उलटून टाकतं. झटके आले आहेत. हाक मारली, तळपायाला टिचकी मारली तरी नीट जागं होत नाही. ओठ, जीभ निळी पडली आहे. श्वासाला घरघर किंवा कण्हण्याचा आवाज येतो आहे. रक्त दाबून धरलं तरी थांबत नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आहे, किंवा उलट ते हाताला गार लागतं आहे.

यातलं एक जरी असेल तर मोठं-छोटं, सरकारी-खासगी हा विचार तिथेच सोडा. जिथे आत्ता या वेळी डॉक्टर आणि ऑक्सिजन आहे, अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी न्या. तो पहिला थांबा. तिथे श्वास सांभाळतील, सुई लावतील, झटका थांबवतील, मग पुढे पाठवतील. श्वास अडकलेल्या मुलाला घेऊन थेट शहर गाठायला निघालेली आणि घाटातच सगळं संपलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

यातलं काहीच नसेल, तर तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. तो वापरा.

१०८ की आपली गाडी?

जवळचं ठिकाण दहा-पंधरा मिनिटांवर असेल आणि दारात चारचाकी असेल तर निघा. अंतर जास्त असेल, मूल बेशुद्ध असेल, दम लागलेला असेल किंवा उंचावरून पडून मानेला मार लागल्याची शंका असेल तर १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४पासून आहे, गोव्यात त्याआधीपासून, आणि ती मोफत आहे. फोनवर पहिल्या वाक्यात मुलाचं वय आणि काय झालंय ते सांगा, दुसऱ्यात गाव आणि ओळखीची खूण: "तीन वर्षांचा मुलगा, दम लागलाय, ओठ निळे; अमुक गाव, शाळेसमोर." पत्ता सांगून झाला तरी फोन ठेवायची घाई करू नका, तिकडून सूचना देतात. १०८च्या गाड्या दोन प्रकारच्या असतात, साध्या आणि जास्त सोयीच्या. श्वासाचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा, म्हणजे कुठली गाडी पाठवायची ते त्यांना ठरवता येतं. गरोदर बाई, बाळंतीण आणि वर्षाच्या आतलं आजारी बाळ यांच्यासाठी १०२ची गाडी आहे, तीही मोफत.

मोटारसायकलवरून न्यावंच लागलं तर एक विनंती आहे. मुलाला गोधडीत गच्च गुंडाळून, तोंडावर पदर घेऊन दोघांच्या मध्ये दाबून बसवू नका. थंडी लागेल म्हणून माया करून आणलेलं बाळ आम्ही गोधडी उलगडली तेव्हा काळंनिळं झालेलं होतं, हा प्रसंग मी विसरू शकत नाही. मान छातीवर पडली की लहान मुलाची श्वासाची वाट बंद होते. तोंड दिसलं पाहिजे, हनुवटी छातीपासून सुटी पाहिजे, आणि धरणाऱ्याची नजर पूर्ण वाटभर त्या तोंडावर पाहिजे.

झटका चालू असेल तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. वेळ बघून ठेवा. पाच मिनिटांवर गेलेला झटका हा थेट १०८चा विषय. तापातला आणि लगेच थांबलेला असला तरी आयुष्यातला पहिला झटका त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचाच.

साधं दुखणं: जवळचंच बरं

ताप आहे पण ताप उतरल्यावर मूल खेळतं. सर्दी-खोकला आहे पण श्वास मोजला तर ठीक. जुलाब आहेत पण पाणी पितं आणि लघवी होते. अशा मुलाला घेऊन मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत तीन तास बसण्यात काहीच फायदा नाही. तिथे ते शेजारच्या मुलाची गोवर-कांजिण्या मात्र घेऊन येईल. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तुमच्या मुलाला ओळखणारे नेहमीचे डॉक्टर पुरेत. जुलाबाला ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आरोग्य केंद्रात आणि आशाताईकडे मोफत मिळतात. पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण घालायचं, अर्धं-अर्धं करून नाही. झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस.

मात्र डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, चिमटीत धरलेली पोटाची कातडी हळू सपाट होते, शौचात रक्त आहे, असं काही असेल तर ओपीडीची वेळ होईपर्यंत थांबू नका. ग्रामीण रुग्णालयात भरती करा.

डेंग्यूचं एक सांगते, कारण दर पावसाळ्यात इथेच फसगत होते. ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि डेंग्यूतला धोक्याचा काळ नेमका ताप उतरताना सुरू होतो. त्या दिवशी पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय, सुस्ती दिसली तर भरती करा, तीही अशा ठिकाणी जिथे रात्रीसुद्धा दर काही तासांनी रक्त तपासून सलाईनचं प्रमाण बदलता येतं. भरती करताना हाच प्रश्न विचारा: "रात्री लॅब चालू असते का?"

साप, विंचू, कुत्रा: इथे सरकारी दवाखाना आधी

हे मी ठामपणे सांगते. सर्पदंशाची लस, म्हणजे प्रतिविष, सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतं आणि खासगीत ते ठेवलेलं असेलच असं नाही. आमच्याकडे कातळावर फुरसं फार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच औषध चालतं, त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याला मारत बसू नका. लहान मूल म्हणून कमी डोस, असंही नसतं. सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं, म्हणून मुलाला मोठ्या माणसाइतकंच प्रतिविष द्यावं लागतं. "एवढ्याशा पोराला एवढी औषधं का" म्हणून भांडू नका.

चावल्यावर मुलाला चालवू नका. हात-पाय फळकुटाला बांधल्यासारखा स्थिर ठेवा. काळा दोरा, वाळे, कडी, अंगठी लगेच काढा, कारण सूज आली की तीच आवळतात. घट्ट दोरी बांधणं, चिरणं, चोखणं, मांत्रिक, यातलं काहीच नको. निघताना दवाखान्यात फोन करून "प्रतिविष आहे का, डॉक्टर आहेत का" एवढं विचारा. नसेल तर तेच पुढचं ठिकाण सांगतील. आमच्याकडे काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर विष रक्तात काम करू लागलं आहे हे कळतं. मोठ्या यंत्राशिवाय होणारी ही तपासणी आहे.

मण्यार वेगळी. जमिनीवर झोपलेल्या मुलाला ती रात्री चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखतं म्हणून उठतं, उलटी करतं, मग पापण्या जड होऊन खाली येतात. "रात्री काहीतरी खाल्लं असेल" असं म्हणत घरी ठेवू नका. पावसाळ्यात खाली झोपलेलं मूल पहाटे पोटात दुखून उठलं आणि पापण्या उघडेनात, तर ते सापाचं आहे असं धरून निघा. याला श्वासाचं यंत्र लागू शकतं. म्हणून पहिला डोस जवळच्या दवाखान्यात घेऊन पुढे जिल्हा रुग्णालय.

विंचवाबद्दल महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं ऋण कोकणाने विसरू नये. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुलं हृदय थकून, फुप्फुसात पाणी भरून जायची. प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वेळेत दिली तर मूल वाचतं, हे त्यांनी तालुक्याच्या गावात काम करून दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्ही लक्षात ठेवायचं ते असं: विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम, उलटी, गार हातपाय दिसले, तर दुखणं कमी झालं तरी घरी थांबू नका. वेदना कमी होणं आणि धोका टळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि देखरेखीखाली राहा.

कुत्रा चावला की आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीजची लस बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळते. पण कातडी फुटून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन, लागतं, आणि ते सगळीकडे नसतं. जखम चेहऱ्यावर, मानेवर, बोटांवर असेल तर ते आहे अशाच ठिकाणी थेट जा. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात आधी फोन करा. पुढच्या तारखा चुकवू नका, मूल खेळायला लागलं म्हणून अर्ध्यात सोडलेला कोर्स हा सोडल्यासारखाच आहे.

पडणं, भाजणं, गिळणं

डोक्याला मार लागला, मूल लगेच रडलं, थोड्या वेळाने खेळायला लागलं, तर घरी ठेवून चोवीस तास लक्ष ठेवलं तरी चालतं. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मात्र दाखवाच. बेशुद्धी, झटका, पुन्हा पुन्हा उलट्या, कानानाकातून पाणी किंवा रक्त, सारखी झोप, यातलं काही असेल तर सीटी स्कॅन आहे अशाच ठिकाणी जा. सीटी नसलेल्या तीन दवाखान्यांत ड्रेसिंग करत फिरण्यात जो वेळ जातो, तोच महाग पडतो.

हात वाकडा झाला, सुजला तर एक्सरे आणि हाडांचे डॉक्टर, दोन्ही एका जागी असतील तिथे. हाडवैद्याकडे नेऊन बांबूच्या पट्ट्या आवळून बांधलेले हात मी पाहिले आहेत, बोटं काळी पडलेली. प्लास्टर असो की पट्टी, बोटं गार, निळसर, बधिर झाली किंवा मूल थांबत नाही असं रडू लागलं, तर सकाळची वाट न बघता ती सोडवून घ्या.

भाजण्याचं कारण आपल्याकडे बहुतेकदा चहा, आमटी किंवा आंघोळीचं कढत पाणी. लगेच नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप नको. मुलाचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. असे तळहात मोजा. दहाच्या आसपास गेले, किंवा थोडंसंच पण तोंडावर, हातापायांच्या पंजांवर, सांध्यावर, लघवीच्या जागी भाजलं असेल, तर जळीत विभाग असलेल्या रुग्णालयात.

रॉकेल, थिनर, फरशीचं औषध प्यायलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. उंदराचं औषध खाल्लं आणि मूल छान दिसत असेल तरीही न्या. काही विषं दोन-तीन दिवस गप्प राहून मग यकृतावर घाला घालतात. पाकीट, बाटली, राहिलेल्या गोळ्या, जे सापडेल ते बरोबर घ्या. डॉक्टरांना तेवढ्याने निम्मं उत्तर मिळतं. नाणं गिळलं तर एक्सरे. रिमोटमधली चपटी गोल बॅटरी गिळली असेल तर मात्र ती अन्ननलिका काही तासांत जाळते. शौचातून पडेल म्हणून केळी खाऊ घालत थांबू नका, एंडोस्कोपी असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच क्षणी निघा.

आणि एक न बोललं जाणारं दुखणं. आठ-बारा-चौदा वर्षांचा मुलगा "पोटात दुखतं" म्हणतो आणि लाजेने खरी जागा सांगत नाही. अंडकोशाला पीळ पडला असेल तर सुमारे सहा तासांत ऑपरेशन झालं तर तो वाचतो. मुलाला एकट्याला प्रेमाने विचारा. दुखत असेल तर गोळी नको, थेट सर्जन आहे तिथे.

पाटी वाचायला शिका

तालुक्याच्या गावात आता "एनआयसीयू" अशी पाटी सगळीकडे दिसते. ती नवजात बाळांसाठीची सोय, साधारण पहिल्या महिन्यातल्या. चार वर्षांच्या अत्यवस्थ मुलाला लागतो तो पीआयसीयू, म्हणजे मोठ्या मुलांचा आयसीयू, आणि तो फार थोड्या ठिकाणी असतो. आई-बाप काचेची पेटी आणि निळे दिवे बघून धीर धरतात, पैसे भरतात आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे पाठवलं जातं. म्हणून भरतीआधी फोनवर किंवा काउंटरवर विचारा:

- या वयाच्या मुलासाठी आयसीयू आणि व्हेंटिलेटर आहे का, आणि आत्ता रिकामा आहे का?
- बालरोगतज्ज्ञ रात्री इथे असतात की बोलावल्यावर येतात? यायला किती वेळ?
- ऑपरेशन लागलं तर लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर आहेत का?
- महात्मा फुले योजनेत (मोफत उपचारांची सरकारी योजना) हे रुग्णालय आहे का, आणि हा आजार तिथे बसतो का?

प्रश्न विचारल्याबद्दल कोणी रागावलं तर रागावू द्या. चांगले डॉक्टर यांची उत्तरं सरळ देतात.

नवजात बाळासाठी जिल्हा रुग्णालयात आणि स्त्री रुग्णालयात एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास विभाग, असतो. खासगीत नेण्याआधी तिथली जागा विचारा, कारण आजारी बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याचा खर्च वर्षापर्यंत मोफत आहे.

सरकारी पायऱ्या अशा: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा, आणि शेवटी मेडिकल कॉलेज. आणीबाणीत पायरी-पायरीने चढावं लागतं असं मुळीच नाही. तुमच्या भागाचा "शेवटचा मुक्काम" कोणता ते ठाऊक असू द्या. मराठवाड्यात लोक छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेतात, पुण्याकडे ससूनला, कोल्हापुरात सीपीआरला, नागपुरात मेडिकल किंवा मेयोला, मुंबईत केईएम, सायन, नायर आणि खास मुलांचं म्हणून परळचं वाडिया. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज जवळ पडतं आणि तिथे आमच्याकडचे कितीतरी पेशंट जातात.

पैशाचं

१५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, औषधं मोफत आहेत. मेडिकल कॉलेजं आणि महापालिकेची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडे पैसे लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार आहे, आणि आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. अट एवढीच की रुग्णालय योजनेतलं हवं आणि आजार यादीतला हवा. दारातच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल असतं. भरती करतानाच त्याला भेटा, बिल हातात आल्यावर नाही. चौकशीचा नंबर १५५३८८. कागद जवळ नसले तर आणीबाणीत फोनवरून परवानगी घेण्याची सोय आहे.

अनामत भरल्याशिवाय हात लावणार नाही, असं जीव धोक्यात असलेल्या मुलाबाबत कोणी म्हणू शकत नाही. प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं आहे. रस्त्यावर कुणाचं मूल जखमी दिसलं तर तुम्हीही निर्धास्तपणे उचलून न्या, मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

"पुढे न्या" म्हटलं तर

रेफरची चिठ्ठी मिळाली की चिडून मूल घरी घेऊन जाणारे पालक असतात. तसं करू नका. थांबून चार गोष्टी करून घ्या. चिठ्ठीवर दिलेली औषधं, वेळ आणि डोस लिहून घ्या. जिथे पाठवताहेत तिथे डॉक्टरांनी फोन केला का आणि जागा आहे का, ते विचारा. ऑक्सिजन चालू असेल तर वाटेतही चालू राहील अशीच गाडी मागा. एक्सरे, रिपोर्ट मूळ प्रती बरोबर घ्या. तान्हं बाळ असेल तर आईला मागच्या गाडीत बसवू नका. बाळ तिच्या उघड्या छातीशी, वरून पदर आणि शाल, असं न्या. गार पडलेलं बाळ पोचेपर्यंत निम्मं हरलेलं असतं.

आणि पोचल्यावर पहिल्यापासून सगळं सांगा. ठसका, पडणं, कुणीतरी दिलेला काढा, पोटावर दिलेला चटका, सगळं. लाज वाटेल, आजीला बोल लागेल म्हणून झाकू नका. आमच्या त्या आजीने चौथ्या दिवशी तोंड उघडलं म्हणून तिचा नातू वाचला.

शांत दुपारी करायचं काम

एक कागद घ्या आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर जवळच्या चोवीस तास उघड्या दवाखान्याचा चालू फोन, एकदा लावून बघितलेला. सीटी स्कॅन असलेलं ठिकाण. प्रतिविष मिळणारं ठिकाण. पीआयसीयू असलेलं ठिकाण. रात्री गाडी काढेल अशा दोन शेजाऱ्यांचे नंबर. १०८, १०२ आणि आशाताईचा नंबर. रेशनकार्ड, आधार, मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरण कार्ड यांच्या प्रती एका पिशवीत, तिथेच खाली. घरात मुलाजवळ आजी-आजोबाच असतील तर हा कागद मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.

त्याच कागदावर मुलाचं वजन किलोत लिहा. मुलांचं प्रत्येक औषध वजनावर ठरतं आणि रात्री दोन वाजता, रडणाऱ्या मुलाला काट्यावर उभं करण्यात आमची मिनिटं जातात. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. तिथून आलात की जुना आकडा खोडून नवा लिहा.